मेसेज ब्रोकरची डिस्क मध्येच अडखळते तेव्हा

देवास नाक्यावरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीची गाड्या दाखवणारी यंत्रणा आम्ही इंदूरच्या विजयनगरातल्या ऑफिसातून सांभाळतो. प्रत्येक ट्रकमधलं यंत्र दर अर्ध्या मिनिटाला आपली जागा कळवतं. तो मेसेज ब्रोकरकडे, म्हणजे मेसेज घेऊन पुढे देणाऱ्या प्रोग्रामकडे, येतो आणि तिथून नकाशा, बिल्टीचा हिशोब आणि डिझेलचा हिशोब असे तिघं तो आपापला उचलतात. एके सकाळी नाक्यावरच्या काकांचा फोन आला. "अहो, रात्री आपली एक गाडी मानपूरच्या घाटाच्या माथ्यावर अर्धा तास उभी दिसत होती. ड्रायव्हर शपथेवर सांगतोय, मी कुठेच थांबलो नाही."

आम्ही सर्व्हर उघडून पाहिला तर सगळं ठणठणीत. क्यू (मेसेजच्या रांगा) रिकाम्या, डिस्क जवळजवळ निवांत, लॉग शांत. दुसऱ्या दिवशीही काही नाही. तिसऱ्या सकाळी पुन्हा फोन.

कायम हळू चालणारी डिस्क शोधणं सोपं, कारण कधीही बघा, ती हळूच असते. मध्येच अडखळणारी डिस्क मात्र आपण बघायला गेलो की सरळ चालायला लागते. या कामात नव्याने आलेली मुलं इथेच घाबरतात आणि दिसेल ती सेटिंग बदलत सुटतात. माझं पहिलं सांगणं हे, की अशा दोषात कारणाच्या मागे लागायच्या आधी वेळ पकडायची. नेमका कितव्या मिनिटाला अडखळला, किती वेळ, आणि पुन्हा कधी, एवढं हातात आलं की कारण बहुतेक वेळा स्वतःच समोर येतं.

आधी कीर्द आणि खतावणी

पायऱ्यांकडे वळण्याआधी, मेसेज 'डिस्कवर लिहिला' म्हणजे नेमकं काय झालं, ते पक्कं करून घ्या. ब्रोकर म्हणजे नाक्यावरचा बुकिंग क्लार्क. माल घेतो, नोंद करतो, पावती देतो. पाठवणारा पावतीची वाट बघत उभा असतो, म्हणून नोंद आणि पावती यांच्यात किती वेळ जातो यावरच सगळं अवलंबून.

प्रोग्रामने 'लिही' म्हटलं की लिनक्स लगेच डिस्कवर लिहीत नाही. मजकूर आधी रॅममधल्या पेज कॅशमध्ये जातो. पाटीवर खडूने टिपून ठेवावं, तसं. कर्नल (लिनक्सचा गाभा) साधारण दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि पाटीवर ३० सेकंदांहून जास्त वेळ पडलेला मजकूर वहीत उतरवतो. या वेळा मूळ सेटिंगमधल्या आहेत. मधल्या वेळात वीज गेली तर पाटी पुसली गेली. ज्याला खात्री हवी तो प्रोग्राम एफसिंकची हाक देतो. म्हणजे, हे आत्ता वहीत शाईने लिही, लिहून होईपर्यंत मी इथून हलत नाही. हे 'हलत नाही' म्हणजेच आपल्याला दिसणारा अडखळा.

सगळे ब्रोकर या बाबतीत सारखे नाहीत. अ‍ॅक्टिव्हएमक्यू क्लासिक (आमचा ब्रोकर हाच), त्याच्या काहाडीबी या साठवणीत, पक्का (वीज गेली तरी टिकायला हवा असा) मेसेज मूळ सेटिंगप्रमाणे डिस्कवर उतरवूनच पावती देतो. रॅबिटएमक्यूच्या कोरम क्यूसुद्धा (एकाच क्यूच्या अनेक सर्व्हरांवर प्रती) आधी डिस्कवर उतरवतात. काफ्काची रीत निराळी. तो मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक मेसेजला एफसिंक करत नाही. तो पाटीवर लिहितो आणि शेजारच्या ब्रोकरांच्या पाट्यांवरही तेच लिहिलेलं आहे, या भरवशावर राहतो. त्यामुळे 'डिस्क हळू झाली' याचा त्रास काफ्कात वेगळ्या वाटेने येतो. त्याबद्दल पुढे.

काहाडीबीत दोन वह्या असतात, हे आमच्या आजोबांच्या पिढीतल्या मुनीमाला चटकन कळलं असतं. एक जर्नल, म्हणजे रोजकीर्द. आलेली नोंद शेवटच्या ओळीखाली लिहायची, मागे जायचं नाही. या कीर्दीच्या फायली मूळ सेटिंगमध्ये ३२ एमबीच्या. दुसरी इंडेक्स, म्हणजे खतावणी. कुठल्या क्यूचा कुठला मेसेज कीर्दीत कुठे आहे, ते खातेवार लावायचं. कीर्दीत लिहिताना डिस्कचा हात सरळ पुढे जातो, तर खतावणीत पानं मागे-पुढे उलटावी लागतात. दोन्ही कामं हळू होऊ शकतात, पण वेगळ्या कारणांनी. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे तोच कामाला येणार आहे.

पहिली पायरी: रिस्टार्टला हात लावू नका

फोन आला की पहिली ओढ रिस्टार्टची असते. थांबा. रिस्टार्टने पुरावा जातो, ब्रोकरच्या मेमरीतली खतावणीची गरम पानं थंड होतात, आणि उठताना ब्रोकर स्वतःच डिस्कवर ताण टाकतो. आधी पाच मिनिटं द्या. डिस्कवर जागा किती उरली आणि आयनोड (फायलींच्या नोंदीच्या जागा) किती उरले ते पाहा. रॅबिटएमक्यूत मोकळी जागा ठरलेल्या मर्यादेखाली गेली की तो पाठवणाऱ्यांना अडवूनच ठेवतो. मूळ मर्यादा फक्त ५० एमबी आहे, आणि प्रोडक्शनसाठी ती फार कमी. बाहेरून हा प्रकार 'डिस्क हळू' असाच दिसतो, पण ती हळू नसते, भरलेली असते.

मग प्रोसेसच्या यादीत डी अवस्थेतले कोण आहेत ते टिपा. डी म्हणजे डिस्कच्या उत्तरासाठी अडकलेला, हाकेला ओ न देणारा. लिनक्समध्ये लोड अ‍ॅव्हरेजमध्ये हे अडकलेलेही मोजले जातात. म्हणून सीपीयू रिकामा आणि लोड ४० असं विचित्र दृश्य दिसलं, तर गोंधळू नका.

दुसरी पायरी: ब्रोकरलाच बोलतं करा

काहाडीबीत हळू नोंदींचा इशारा द्यायची सोय आहे, पण ती मूळ सेटिंगमध्ये बंद असते. काहाडीबीच्या पॅकेजच्या नावाने सुरू होणारी आणि 'लॉग स्लो अ‍ॅक्सेस टाइम' अशी संपणारी जावाची सिस्टिम प्रॉपर्टी आहे. तिला मिलिसेकंदांत आकडा द्या. मी ५०० पासून सुरुवात करतो. हे लावायला ब्रोकर एकदा उठवावा लागतो. तो रिस्टार्ट ठरवून, कमी वर्दळीच्या वेळी घ्या.

त्यानंतर आमच्या लॉगमध्ये अशा ओळी यायला लागल्या: स्लो काहाडीबी अ‍ॅक्सेस, जर्नल अपेंड ३९१२ एमएस, इंडेक्स अपडेट २ एमएस.

ही ओळ सावकाश वाचा. कीर्दीत एक नोंद करायला जवळजवळ ४ सेकंद लागले आणि खतावणी २ मिलिसेकंदांत झाली. म्हणजे अडकलंय ते एफसिंकशी, डिस्कच्या शाईशी. आकडे उलटे असते, कीर्द झटपट आणि खतावणीला ४ सेकंद, तर मी आधी डिस्ककडे न बघता ब्रोकरकडेच बघितलं असतं. कारण खतावणीला कुलूप असतं, आणि ब्रोकर दर ५ सेकंदांनी चेकपॉइंट आणि दर ३० सेकंदांनी जुन्या कीर्दीची साफसफाई करतो, तेव्हा तेच कुलूप घेतो. क्यूंमध्ये लाखो मेसेज साचलेले असले की खतावणी मोठी होते, मेमरीतल्या पानांत मावत नाही, आणि प्रत्येक नोंदीला डिस्कवरून पान उचलून आणावं लागतं. तिथे इलाज वेगळा. खतावणीची कॅश वाढवा, आणि मेसेज साचतातच का, हे विचारा.

काफ्कावाल्यांनी विनंतीच्या वेळेचे तुकडे पाहावेत. काफ्का प्रत्येक विनंतीचा रांगेतला वेळ, स्थानिक वेळ, दूरच्या ब्रोकरांचा वेळ आणि उत्तराचा वेळ वेगवेगळा मोजतो. 'लोकल टाइम' फुगला तर आपली डिस्क, 'रिमोट टाइम' फुगला तर दुसऱ्या ब्रोकरकडे जा. सोबत झूकीपर (ब्रोकरांचा ताळमेळ ठेवणारा प्रोग्राम) असेल तर त्याच्या लॉगमध्ये एफसिंकला १ सेकंदाहून जास्त लागल्याचा इशारा आपोआप येतो. फार मोलाची ओळ आहे ती. लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात, ते करू नका.

तिसरी पायरी: घड्याळं जुळवा

या पायरीवर आम्ही चार दिवस घालवले, म्हणून जरा थांबून सांगतो.

ब्रोकरच्या लॉगमध्ये अडखळा २० वाजून ३० मिनिटांच्या आसपास दिसत होता. आम्हाला लगेच पटलं. रात्री साडेआठ म्हणजे नाक्यावर गाड्या भरायची ऐन वेळ, बिल्ट्या फाटतात, मेसेज वाढतात. म्हणजे ताण जास्त झाला! आम्ही संध्याकाळचे रिपोर्ट पुढे ढकलले, ब्रोकरची मेमरी वाढवली, क्यूंची विभागणी केली. अडखळा जसाच्या तसा.

चौथ्या दिवशी टीममध्ये नव्याने आलेली एक मुलगी म्हणाली, "दादा, साडेआठला ती गाडी नाक्यावर भरतच होती ना? मग घाटाच्या माथ्यावर कशी दिसेल?" तिने सर्व्हरवर तारीख विचारणारी आज्ञा चालवली. घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, होतं. आपल्याकडची वेळ साडेपाच तास पुढे. २०:३० म्हणजे आपल्याकडे पहाटेचे २ वाजलेले. पहाटे २ वाजता गाड्या भरत नसतात, वाटेवर असतात, आणि सर्व्हरांवर बॅकअप चालतात. ताणाची आमची सगळी गोष्ट एका प्रश्नात गळून पडली.

म्हणून चौकशी सुरू करतानाच कागदाच्या डोक्यावर लिहून टाका: ब्रोकरचा लॉग कुठल्या वेळेत, कर्नलचा लॉग कुठल्या वेळेत, क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा) कुठल्या वेळेत, ग्राहकाच्या तक्रारी कुठल्या वेळेत. सगळं एकाच वेळेत बदलून मांडा. सर्व्हरांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सोयीने) जुळलेली आहेत का, तेही बघा. आणि यंत्राचा आकडा आणि माणसाची हकिकत जुळत नसतील तर माणसाची हकिकत सोडून देऊ नका. काकांच्या एका वाक्यात उत्तराची वाट होती.

चौथी पायरी: रात्रभर जागणारा पहारेकरी बसवा

आता प्रत्यक्ष डिस्कची नाडी धरायची. आयोस्टॅट हे साधन सिसस्टॅट या पॅकेजमध्ये येतं. त्याला विस्तारित आकड्यांचा पर्याय द्या, वेळेचा शिक्का लावायला सांगा, आणि दर १ सेकंदाला एक ओळ लिहू द्या. दोन गोष्टी सांभाळा. पहिली, ही ओळ ज्या डिस्कवर संशय आहे तिच्यावर लिहू नका. ती डिस्क अडली की पहारेकरीही अडेल आणि नेमकी हवी ती सेकंदं कोरी राहतील. दुसऱ्या डिस्कवर किंवा दुसऱ्या सर्व्हरवर लिहा. दुसरी, आयोस्टॅटचा अगदी पहिला अहवाल सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. नवी मुलं एकदाच चालवून तोच आकडा बघतात आणि 'डिस्क छान आहे' म्हणून निघून जातात. पहिला अहवाल सोडून द्या.

सार हे साधन अनेक सर्व्हरांवर आधीपासून नोंद ठेवत असतं. आठवड्याचा अंदाज घ्यायला ते बरं. पण त्याची नोंद सहसा १० मिनिटांची असते, आणि १० मिनिटांच्या सरासरीत एखादा ४० सेकंदांचा अडखळा विरघळून जातो.

कुठले रकाने बघायचे? लिहिण्याचा अवेट, म्हणजे एका लिखाणाला रांगेसकट लागलेले मिलिसेकंद. रांगेची सरासरी लांबी. सेकंदाला किती लिखाणं आणि किती केबी. टक्क्यांचा यूटिल रकाना सगळ्यांना आवडतो, पण एसएसडीवर तो फसवतो. एसएसडी एकाच वेळी अनेक कामं करते, आणि १०० टक्के म्हणजे 'सतत काहीतरी चालू होतं' एवढंच, 'आणखी झेपणार नाही' असं नव्हे.

त्या पहाटे आम्ही जागेच होतो. २ वाजायच्या आधी अवेट १.८, २.१, १.९ असा संथ चालला होता. सेकंदाला नव्वदेक लिखाणं, ९०० केबी. २ वाजून ४ सेकंदांनी तो ६४० झाला. मग १३८०. मग २२१०. रांग ०.२ वरून ४० वर गेली. आणि त्याच ओळीत सेकंदाची लिखाणं १८ वर आणि केबी २१० वर उतरले होते.

हा शेवटचा आकडाच सगळं सांगून गेला. काम वाढलं आणि वाट बघणंही वाढलं, तर ताण आपला. काम घटलं आणि तरी वाट बघणं वाढलं, तर डिस्क दुसऱ्या कुणाच्या तरी कामात गुंतली आहे किंवा स्वतः आजारी आहे. आम्ही सेकंदाला २१० केबी लिहीत होतो. एवढंसं तर जुना पेन ड्राइव्हही लिहितो.

कर्नल ४.२० किंवा त्यापुढचा असेल तर प्रॉक फाइलसिस्टिममध्ये प्रेशर नावाची डिरेक्टरी असते. त्यातली आयओची फाइल दहा, साठ आणि तीनशे सेकंदांत कामं किती टक्के वेळ डिस्कसाठी खोळंबली ते थेट सांगते. अलार्म लावायला मला हाच आकडा सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

पाचवी पायरी: डिस्कच दोषी आहे ना?

पहारेकऱ्याच्या नोंदीत त्या मिनिटाला अवेट वाढलेलाच नाही आणि ब्रोकर तरी अडखळला, तर डिस्कला सोडा. अ‍ॅक्टिव्हएमक्यू आणि काफ्का जावाच्या यंत्रावर (जेव्हीएमवर) चालतात, आणि ते यंत्र कचरा, म्हणजे न लागणारी मेमरी, गोळा करताना सगळ्यांना थांबवतं. त्या थांब्याच्या मध्ये सापडलेली कीर्दीची नोंद लॉगमध्ये 'हळू' म्हणूनच दिसते. जीसी लॉग (या कचरा गोळा करण्याचा लॉग) चालू ठेवा आणि वेळ जुळवून बघा.

त्यातही एक बारकावा आहे. जीसीच्या ओळीत यूजर, सिस आणि रिअल असे तीन वेळ असतात. यूजर मोठा असेल तर खरंच कचरा जास्त होता. पण यूजर आणि सिस दोन्ही नगण्य आणि रिअल ३ सेकंद असेल, तर जावा काम करत नव्हती, ती कशाची तरी वाट बघत होती. जावा आपली कामगिरी टेम्प डिरेक्टरीतल्या एका फाइलमध्ये लिहीत असते, आणि डिस्क अडली की ते लिखाण जीसीलाच लटकवून ठेवू शकतं. 'पर्फ डिसेबल शेअर्ड मेम' हा जेव्हीएमचा पर्याय ती फाइल बंद करतो. त्याने काही निदान साधनांना ती जावा प्रोसेस दिसेनाशी होते, हे टीमला सांगून ठेवा.

स्वॅपही, म्हणजे रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागाही, बघा. ब्रोकरची मेमरी स्वॅपमध्ये गेली असेल तर डिस्कवरचा ताण आणि थांबा दोन्ही एकदम दिसतात आणि कोण आधी आलं ते कळत नाही. ब्रोकरच्या सर्व्हरवर स्वॅपिनेस (स्वॅप किती सहज वापरायचा याचा आकडा) मी १ वर ठेवतो.

सहावी पायरी: शेजारी शोधा

इंदूरच्या माणसाला हे समजावायला सराफा पुरे. दिवसा तिथे सोन्याचांदीच्या पेढ्या. रात्री पेढ्यांची शटरं पडली की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस आणि गराडूच्या कढया लागतात. जागा एकच, धंदे दोन, आणि दोघांचं निभतं कारण वेळा वाटलेल्या आहेत. डिस्कवर ही वाटणी कुणी केलेली नसते. पेढी उघडी असतानाच कढई येऊन बसते.

आपल्याच सर्व्हरवरचे शेजारी आधी. पिडस्टॅटला डिस्कचा पर्याय देऊन पहारेकऱ्यासोबत चालवा, कुठली प्रोसेस किती लिहिते-वाचते ते कळेल. क्रॉनटॅब सगळ्या यूजरांची बघा आणि सिस्टिमडीचे टायमरही बघा, नवे सर्व्हर तिकडेच कामं लावतात. लॉग फिरवून दाबणारा लॉगरोटेट, फायलींची यादी करणारा अपडेटडीबी, अँटिव्हायरसची तपासणी, एसएसडीला रिकाम्या जागा कळवणारा आठवड्याचा एफएसट्रिम. डेबियनच्या घराण्यात सॉफ्टवेअर रेडची (अनेक डिस्क जोडून चालवण्याच्या सोयीची) पूर्ण तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर १ च्या सुमाराला लागते. महिन्यातून एकदाच अडखळणारा सर्व्हर असेल तर आधी कॅलेंडर काढा.

एक्स्ट४ फाइलसिस्टिमवर आणखी एक गुंता असतो. तिच्या नेहमीच्या पद्धतीत एका फाइलचा एफसिंक होताना त्याच फाइलसिस्टिमवरच्या दुसऱ्या फायलींचा साचलेला मजकूरही सोबत उतरवावा लागू शकतो. म्हणजे ब्रोकरची दोन केबीची नोंद शेजारच्या दोन जीबीच्या लॉगमागे रांगेत उभी. ब्रोकरची साठवण वेगळ्या डिस्कवर ठेवा. एकाच डिस्कची दोन पार्टिशनं केली तर फाइलसिस्टिम वेगळी होते, पण डिस्कचा हात एकच राहतो.

आमच्या सर्व्हरवर पिडस्टॅटला कुणीच सापडलं नाही. सर्व्हर भाड्याचा, आभासी. तेव्हा शेजारी भिंतीपलीकडे होता. आम्ही डेटा सेंटरवाल्यांना 'तुमची डिस्क हळू आहे' असं लिहिलं नाही, तसं लिहिलं की 'आमच्याकडे सगळं ठीक दिसतंय' असं उत्तर येतं. तीन रात्रींच्या वेळा सेकंदांसकट, अवेटचे आकडे आणि आमचं घटलेलं काम एका पानावर पाठवलं, आणि एकच प्रश्न विचारला: या तीन रात्री २ वाजता याच साठवणीवर दुसरं काय चालू होतं? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्याच साठवणीवरच्या दुसऱ्या एका डेटाबेसचा पूर्ण बॅकअप, आठवड्यातून तीनदा. म्हणूनच तो रोज दिसत नव्हता.

पाटी ओसंडते तेव्हा

कधी शेजारी नसतो, आपलीच पाटी फार मोठी असते. मूळ सेटिंगमध्ये उपलब्ध मेमरीच्या १० टक्के मजकूर साचला की कर्नल मागे लिहायला लागतो आणि २० टक्क्यांवर गेला की लिहिणाऱ्या प्रोसेसलाच थांबवतो. ६४ जीबी रॅमच्या सर्व्हरवर २० टक्के म्हणजे साधारण १२ जीबी. सेकंदाला १५० एमबी लिहिणाऱ्या डिस्कला ते उतरवायला ८० सेकंदांहून जास्त लागतात, आणि तेवढ्यात आलेला प्रत्येक एफसिंक त्या पुरात सापडतो. टक्क्यांऐवजी बाइटमध्ये मर्यादा घालायची सोय कर्नलमध्ये आहे. 'डर्टी बॅकग्राउंड बाइट्स' काहीशे एमबीवर आणून ठेवलं की एकदम लोंढा येण्याऐवजी सतत बारीक धार चालते.

काफ्काचा राहिलेला मुद्दा हाच. काफ्का ताजे मेसेज पेज कॅशमधूनच वाचून देतो, डिस्कला हातही लावत नाही. पण दोन दिवस बंद पडलेला एखादा कन्झ्युमर (मेसेज उचलणारा) उठला आणि परवाचे मेसेज मागायला लागला, तर ते डिस्कवरून येतात आणि येताना ताजी पानं कॅशमधून बाहेर ढकलतात. मग सगळेच हळू. काफ्कात अडखळा दिसला की त्या मिनिटाला वाचनाचा आकडा वाढला का आणि कुठला कन्झ्युमर मागून धावत होता, हे आधी बघा.

लोखंड आणि क्लाउड

स्वतःचं हार्डवेअर असेल तर कर्नलचा लॉग वाचा. डिस्कचा दुवा रिसेट झाल्याच्या ओळी, एखादं काम १२० सेकंदांहून जास्त अडकल्याचा इशारा, हे शोधा. स्मार्टच्या (डिस्कने ठेवलेल्या स्वतःच्या तब्येतीच्या) आकड्यांत बदललेले आणि प्रलंबित सेक्टर बघा. सीआरसीच्या (डेटा वाटेत बिघडल्याच्या) चुका वाढत असतील तर आधी केबल बदला, डिस्क नंतर. घरगुती हार्ड डिस्क खराब सेक्टर वाचायला कितीतरी सेकंद झगडत बसते, सर्व्हरची डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानून रेडला पुढचं करू देते. घरगुती एसएसडी कॉपी करताना वेगवान वाटते, पण वीज गेल्यावर मजकूर सांभाळणारे कपॅसिटर तिच्यात सहसा नसतात, आणि एफसिंकच्या कामात ती दमते. रेड कार्डाची बॅटरी स्वतःची चाचणी घेते किंवा संपते तेव्हा कार्ड लिखाणाची कॅश बंद करतं. मग ७२०० आरपीएमच्या डिस्कला एका फेरीला लागणारे ८.३ मिलिसेकंद प्रत्येक एफसिंकला उघडपणे दिसायला लागतात.

क्लाउडवर उसनवारीचा हिशोब बघा. अमेझॉनच्या जीपी२ प्रकारात दर जीबीला ३ आयओपीएस (सेकंदाला लिखाणं-वाचनं) हक्काचे. १०० जीबीच्या डिस्कला ३००. गरजेला ती ३००० पर्यंत धावते, पण साठवलेल्या क्रेडिटवर, आणि ती पुंजी अशा धावण्यात साधारण अर्ध्या तासात संपते. सकाळी अर्धा तास छान आणि मग अचानक रांगत चालणारा ब्रोकर दिसला तर क्रेडिटचा आलेख उघडा. जीपी३ मध्ये आकार कितीही असो, ३००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबी हक्काचे मिळतात.

शेवटची पायरी: एकच बदल, मग मोजणी

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलाची वेळ त्याच कागदावर लिहा. नव्या डिस्कचा कस पाहायचा असेल तर एफआयओ हे साधन वापरा. लहान तुकड्यांत सलग लिखाण, प्रत्येक तुकड्यानंतर एफडेटासिंक (एफसिंकचाच हलका भाऊ), आणि सरासरी न बघता ९९ व्या पर्सेंटाइलचा (१०० पैकी ९९ लिखाणं ज्याच्या आत होतात तो) आकडा बघा. ईटीसीडी या डेटाबेसच्या लोकांनी आपल्या कामासाठी तो १० मिलिसेकंदांच्या आत असावा असं सांगितलंय, आणि ब्रोकरलाही मी तीच पट्टी लावतो. चालू ब्रोकरच्या डिस्कवर हे कधीही चालवू नका.

आणि एक कळकळीची विनंती. काहाडीबीत प्रत्येक नोंदीचा सिंक बंद करायची किंवा तो सेकंदाला एकदाच करायची सोय आहे. ती लावली की अडखळा जादूने जातो, आणि कुणीतरी तुम्हाला ती सुचवेलच. पण तेव्हा पावती पाटीवरच्या खडूच्या भरवशावर दिली जाते. ट्रकच्या जागेचा एक मेसेज गेला तर अर्ध्या मिनिटात दुसरा येतो. बिल्टीचा मेसेज गेला तर माल धुळ्याला पोचतो आणि हिशोबात तो इंदूरहून निघालेलाच नसतो. कुठल्या क्यूत काय आहे हे धंदेवाल्या माणसासोबत बसून ठरवल्याशिवाय ही सेटिंग बदलू नका.

डेटा सेंटरने त्या बॅकअपच्या वेगाला मर्यादा घातली, आणि पुढच्या महिन्यात आम्ही ब्रोकरची साठवण स्वतंत्र डिस्कवर नेली. पहारेकरी मात्र त्यानंतरही पूर्ण ५ आठवडे चालू ठेवला. आठवड्याची कामं, महिन्याच्या पहिल्या रविवारची तपासणी आणि महिनाअखेरचे हिशोब हे सगळे एकदा तरी त्याच्यासमोरून जाऊ दिले. पहाटे २ च्या ओळीत आता अवेट २ मिलिसेकंदांच्या आसपास असतो.